डावीकडचा जास्तीचा पाटा

॥ श्री ॥
मयूर विहार, दिल्ली
६ नोव्हेंबर १९९४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

काल भाऊबीज झाली. तुझ्या बदली अक्षयानं मला ओवाळलं आणि ओवाळणी स्वतःच्या खिशात घातली. बदली कामगारालाही पूर्ण पगार मिळतो, असं माझ्या कन्येचं म्हणणं. तुझे अनारसे पोचले. निम्म्यांचा पोस्टानं चुरा केला होता. तो तुझ्या भावजयीनं दुधात घालून खाल्ला, आणि उरलेले मोजून डब्यात ठेवले. माझ्या पोटाकडे बघून ती हल्ली सगळंच मोजून ठेवते.

आता मुद्द्याचं. नोएडाची शेड पुरेनाशी झाली आहे. गुडगावच्या मोटार कारखान्याला आपल्या रबरी बुशांची चटक लागली आहे, आणि नवीन प्रेस मशीन फेब्रुवारीत येतंय. ते ठेवायचं तर कोपऱ्यातली ताडपत्री उचलावी लागेल. तिच्याखाली काय आहे ते तुला सांगायला नको. दाजी गेले त्याला वीस वर्षं झाली. त्यांची ती दोनच माणसांची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची एम.जी. मी आधी करोलबागच्या गॅरेजात आणि मग इथं जपली. तू कधी विचारलं नाहीस, मीही विषय काढला नाही.

गुडगावला नवं हॉटेल बांधणारे सभरवालजी म्हणून आहेत. त्यांना गाडी लॉबीत, संगमरवरी चौथऱ्यावर ठेवायची आहे. तेल गळून फरशी खराब व्हायला नको म्हणून इंजिन काढून घेणार म्हणाले. मी जरा चरकलो, तर म्हणे, भाईसाहब, चलानी थोड़ी है, दिखानी है.

कागदोपत्री गाडी तुझी. हो की नाही ते तुझ्याकडून यायला हवं. पण काही ठरो, देण्याआधी मी ती एकदा रस्त्यावर नीट पळवणार. कॅन्टोन्मेंटच्या त्या क्वार्टरमागे दाजींच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो तो हिच्यावरच. तिला मुकीच पाठवणं बरं दिसत नाही.

तब्येतीला जप. लोभ आहेच, ब्रेकसारखा तो अधूनमधून तपासत जावा.

तुझा,
दिनकर


सातारा
१८ नोव्हेंबर १९९४

चि. दिनकर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षयाला म्हणावं, ओवाळणीतला अर्धा वाटा आत्याकडे पाठव.

गाडीचं म्हणशील तर देऊन टाक. धैर्यशीललाही फोनवर विचारलं. तो म्हणाला, आई, पुण्यात मला स्कूटर लावायला जागा नाही, ती कुठे ठेवू? त्याचं बरोबर आहे. वस्तूचा मोह धरून काय करायचं? तुलाही मशीन ठेवायचं आहे. तेव्हा सभरवालांना हो सांग. इंजिन काढणार हे मात्र वाचवेना. नाकातून नथ काढून घ्यावी तसं वाटलं. असो.

चालवणारच असशील तर एक सांगते. वळणात शिरायच्या आधी गिअर खाली घ्यायचा, वळणात नाही. स्टिअरिंग आवळून धरायचं नाही, तिला जरा सैल सोडलेलं आवडतं. चाक आत येताना हाताला आधी हलकं लागतं, मग जड होतं. जड झालं की मगच पाय द्यायचा. हे आपलं तुझे दाजी सांगायचे.

त्या दिवसांची आठवण झाली. तू आठ वाजेपर्यंत घोरत पडलेला असायचास, आणि आम्ही महिपालपूरच्या गवळ्याकडून दुधाची किटली भरून परत आलेले असायचो. गाडीत दूध इतकं घुसळून निघायचं, की घरी येईतो वर लोणी तरंगायचं. सासूबाई सगळ्या कॅन्टोन्मेंटला सांगत सुटायच्या, दिल्लीच्या दुधाला आपोआप लोणी येतं.

गुडघे ठीक. नवा चष्मा झाला. विजयालक्ष्मीला म्हणावं, मोजत जा, पण त्याला उपाशी ठेवू नकोस.

माया आहे तशीच, सवड झाली की लिहीत जा.

तुझी,
अक्का


मयूर विहार
४ डिसेंबर १९९४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

गाडी चालू झाली. कार्ब्युरेटर उकळून धुतले, टाकीतला गंज काढला, आणि गेल्या आठवड्यात तिनं पहिल्यांदा खाकरून घसा साफ केला. शेडमधली सगळी माणसं काम सोडून भोवती उभी राहिली. मीही कुणाला ओरडलो नाही.

पण इंजिन चालू करणं हे अर्धंच काम. ही जात अशी की चाकं नीट लावली नाहीत तर बैलगाडी बरी. म्हणून दाजींच्या पद्धतीनंच केलं. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी सूत ताणलं आणि पुढची चाकं पुढून चिमूटभर आत घेतली. स्टिअरिंगच्या पेटीतली ढील काढली, सगळी नाही. तुझा निरोप लक्षात होता. शॉकअब्सॉर्बरमध्ये तेल भरलं. टायरमध्ये हवा थोडी थोडी कमी करत गेलो. अक्षया मदतीला आली होती. मी म्हटलं, आता पाटे बघू, तर ती वरवंटा शोधायला लागली. दिल्लीत वाढलेली पोरं. चाकावरच्या कमानीत एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्यांनाही आपण पाटे म्हणतो हे सांगितल्यावर म्हणाली, बाबा, हे आधी बोलायचं ना, यार.

मग रविवारी टेम्पोवर चढवून गाडी द्वारकेला नेली. तू बघायला हवंस. विमानतळापलीकडे सरकारनं नुसते रस्तेच रस्ते घालून ठेवलेत, माणसं मागून येणार आहेत. सेक्टरांचे नंबर रंगवलेले दगड, सोसायट्यांचे सांगाडे, चौकात न पेटणारे सिग्नल, आणि रुंद काळाभोर रस्ता, त्यावर एक कुत्रं. महिपालपूर तिथून जवळच, पण तुझा गवळी आता कुठे सापडायचा? त्याच्या म्हशींच्या जागी ट्रॅव्हल एजंट बसलेत.

अक्का, तिसऱ्या गिअरमध्ये ती जेव्हा मोकळी सुटली, तेव्हा मी मोठ्यानं हसत होतो. पुढची काच दुमडून आडवी पाडली होती, डोळ्यांत पाणी, नाक गोठलेलं. आजकालच्या गाड्या रस्ता लपवतात. ही प्रत्येक खडा हातात आणून देते.

एक गोष्ट मात्र जमत नाही. सरळ रस्त्यावर ती उजवीकडे ओढते. उजव्या वळणात ताठ असते, डाव्या वळणात माझ्या अंगावर लोळते. सूत पुन्हा ताणलं, तरी तेच. शेवटी खाली शिरलो, तेव्हा सापडलं. पुढच्या डाव्या कमानीत एक पाटा जास्तीचा घातलाय आणि उजवीतला एक काढलाय. शिवाय क्लच आणि ब्रेकच्या पेडलांवर लाकडी ठोकळे आवळलेले होते, आणि सीटखाली लाकडाची भर. कुण्या अडाण्याचा जुगाड दिसतो. ठोकळे आणि भर काढून टाकली, माझे गुडघे मावत नव्हते. अठरा तारखेच्या रविवारी पाटेही दोन्हीकडे सारखे करून घेतो.

सभरवालजी पुढच्या महिन्यात येणार म्हणतात.

थंडी फार आहे. आठवण काढत जा, तेवढीच ऊब.

तुझा,
दिनकर


(पोस्टकार्ड)
सातारा, ९ डिसेंबर १९९४

चि. दिनकर, अ. उ. आ.

पाट्यांना हात लावू नकोस. आहेत तसे असू देत. ठोकळे टाकून दिलेस का ते कळव. बाकी क्षेम. विस्तारानं मग लिहीन.

अक्का


मयूर विहार
२५ डिसेंबर १९९४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड शनिवारी आलं, म्हणून रविवारी पाटे वाचले. ठोकळे टाकलेले नाहीत. मी काही टाकत नाही, हे माझ्या बायकोला विचार.

तू विस्तारानं लिहिणार होतीस, पण आठवडाभर काही आलं नाही. म्हणून मीच लिहितो.

तुझं कार्ड वाचल्यावर मला वाटलं, हा जुगाड कुण्या अडाण्याचा नसेल. दाजी लष्करातल्या वर्कशॉपचे कॅप्टन. दुसऱ्याच्या ट्रकचा नट चुकला तर त्यांना रात्री जेवण जात नसे. त्यांनी स्वतःच्या गाडीत पाटे चुकवले असतील? मग आठवलं, की कमान लावताना ते सीटवर पोती ठेवायचे. म्हणायचे, दिनू, मोकळी गाडी आणि बसलेली गाडी या दोन वेगळ्या गाड्या. ज्यांनी बसायचं त्यांच्या वजनासकट लावायची. एवढी हलकी गाडी, तिला माणसामाणसाचा फरक कळतो.

म्हणून मी शेडच्या सपाट फरशीवर गाडी घेतली आणि रबराच्या कातरणीची दोन पोती भरली. एक जड, दाजींच्या अंगाचं. दुसरं हलकं, तुझ्या तेव्हाच्या अंगाचं. जड पोतं स्टिअरिंगमागे ठेवलं, हलकं डावीकडे. बॉनेटवर आडवी लेव्हलची नळी ठेवली. बुडबुडा मधे येईना, गाडी उजवीकडे झुकलेली. मग पोत्यांची अदलाबदल केली. हलकं स्टिअरिंगमागे, जड डावीकडे. बुडबुडा मधोमध येऊन उभा राहिला, अक्का. जरासुद्धा हलला नाही.

मी तिथंच स्टुलावर बसलो, चहा मागवला.

मग एकेक आठवायला लागलं. पेडलांवर ठोकळे कुणाच्या पायांसाठी? दाजी सहा फुटी. सीटखाली भर कुणासाठी? आणि तुझं आधीचं पत्र पुन्हा काढून वाचलं. चाक आत येताना हाताला आधी हलकं लागतं, मग जड. शेजारी बसलेल्याच्या हाताला हे लागत नाही. शेजारी बसलेला माणूस फक्त दांडी धरून बसतो.

आणखी एक. मी आठपर्यंत घोरायचो हे खरं, पण कान माझे तेव्हाही जागेच असायचे. संध्याकाळी दाजी गाडी काढायचे, तेव्हा गिअर खर्र करून पडायचा. हात जड त्यांचा. पहाटे दुधाला गाडी निघायची, तेव्हा गिअर असा पडायचा की कळायचंसुद्धा नाही. मी मनाशी म्हणायचो, पहाटे गिअरबॉक्स गार असतो म्हणून असेल. आज तीस वर्षं या धंद्यात आहे. गार गिअरबॉक्स जास्त खरखरतो.

तेव्हा आता नीट सांग. दुधाला गाडी कोण चालवत होतं?

आणि ते सांगून झालं की हेही सांग, की सभरवालजींना काय कळवू. ते मकरसंक्रांतीनंतर बयाणा घेऊन येतायत. एकदा चौथऱ्यावर चढली, की ही गाडी पुन्हा कुणालाच चालवता येणार नाही. तुलाही नाही. तू आधी इथं ये, तिच्यात बस, आणि मग हो म्हण. तू हो म्हटलंस तर मी स्वतः ती हॉटेलात पोचवीन, शब्द.

वाट बघतोय. रागावली असशील तर रागाचं पत्र धाड, पण धाड.

तुझा,
दिनकर


सातारा
४ जानेवारी १९९५

चि. दिनकर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावले नाही. तुझं पत्र वाचून आधी देवघरात जाऊन बसले आणि मग एकटीच हसत सुटले. शेजारच्या सुनबाई डोकावून गेल्या.

मीच चालवत होते.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुरू झालं. ह्यांनी एकदा पालमच्या रस्त्यावर मधेच गाडी थांबवली, उतरले आणि म्हणाले, सरक तिकडे. मला वाटलं गंमत करतायत. मी पदर खोचला आणि पहिल्याच झटक्याला इंजिन बंद पाडलं. ते काही बोलले नाहीत. पुन्हा बंद पाडलं, पुन्हा गप्प. पुढच्या आठवड्यात क्वार्टरमागे ठोकळे कापत बसले होते. तू विचारलंस काय करताय, तर म्हणाले, पाट बनवतोय. तुला खरं वाटलं.

मग दूध. दूध हे एकच काम असं होतं की सून नवऱ्याबरोबर पहाटे बाहेर पडली तरी सासूबाईंना चाललं असतं. क्वार्टरच्या फाटकापर्यंत ते चालवायचे, फाटकाबाहेर मी. येताना पुन्हा फाटकाशी बदल. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता. अजूनही भिजत नसेल.

गाडी पहिल्यांदा माझ्या हातात डावीकडे कलायची. हे डाव्या सीटवर बसले की ती बिचारी तिकडे दबायची, आणि मला ती सरळ धरून ठेवताना खांदे भरून यायचे. मी म्हटलं, माझंच काहीतरी चुकतंय. ते म्हणाले, तुझं काही चुकत नाहीये, गाडी माझ्यासाठी लावली आहे, ती तुझ्यासाठी लावू. आणि लावली. त्या दिवसानंतर संध्याकाळी त्यांना ती उजवीकडे ओढायची. क्लबात मित्र हसायचे, कॅप्टनसाहेबांना स्वतःची गाडी सरळ लावता येत नाही. ते म्हणायचे, वेळच मिळत नाही.

दिनू, त्यांनी ती पुन्हा कधीच बदलली नाही.

महिपालपूरच्या अलीकडे एक लांब डावं वळण होतं, कडुनिंबांच्या खालून. त्या वळणात एकदा सगळं जुळून आलं. गिअर आधी, चाक हलकं, मग जड, मग पाय. गाडी सुताला धरल्यासारखी गेली. त्यांनी मांडीवरची किटली दोन्ही हातांनी धरली होती आणि डोळे मिटून घेतले होते. मी म्हटलं, घाबरलात? तर म्हणाले, नाही, ऐकतोय.

ते गेल्यावर इथं आले. इथं मी कॅप्टनांची पत्नी आणि शाळेतल्या बाई. गाडी चालवणारी कोण, हे विचारणारंच कुणी नव्हतं. धैर्यशीललाही माहीत नाही.

आता येण्याचं म्हणतोस. छप्पन्न पुरी झाली, चष्मा आहे, गुडघे आहेत. लोक हसतील. सभरवालांना हो कळव आणि विषय मिटव, असं लिहायला बसले होते. ते लिहवत नाही, एवढंच खरं. तेव्हा मला काहीच ठरवता येत नाही असं समज.

पण ठोकळे आहेत ना नक्की?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का


मयूर विहार
१२ जानेवारी १९९५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

ठोकळे आहेत. काल घासून तेल लावून पुन्हा पेडलांवर बसवले, सीटखालची भरही घातली. आता गाडीत मला धड शिरता येत नाही. म्हणजे चालवायला दुसरं कुणी यावंच लागेल.

पुण्याहून झेलमचं तिकीट काढून सोबत धाडलं आहे, पाच फेब्रुवारीचं. सभरवालजींना म्हटलं, मालकीणबाई स्वतः येतायत, त्यांच्याशी बोला. ते म्हणाले, बिल्कुल, माताजी का आशीर्वाद चाहिए. तू माताजी झाली आहेस, तयारीनं ये.

डाव्या सीटला जड माणूस लागतो, त्याची काळजी करू नकोस. तुझी भावजय म्हणते, ह्यांचं पोट आयुष्यात पहिल्यांदाच कामाला येतंय. परवापासून माझ्या पोळ्या मोजायचं तिनं बंद केलं आहे. पातळ काही होणार असेल तर ती माया नाही, एवढं कळलं.

तुझा,
दिनकर


मयूर विहार
२६ फेब्रुवारी १९९५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कळलं. तू इथंच होतीस, तेव्हा घडलेलं तुलाच काय लिहायचं? तरी लिहितो. तू रस्ता बघत होतीस. मी तुला बघत होतो. ते तुला माहीत नाही.

द्वारकेच्या त्या रस्त्यावर तू दोनदा इंजिन बंद पाडलंस. मी सूचना द्यायला तोंड उघडलं, तर म्हणालीस, दिनू, तुझे दाजी गप्प बसायचे. मी गप्प बसलो. अक्षयाचे कॅनव्हासचे बूट, खोचलेला पदर, आणि चष्म्याला मागून बांधलेली नाडी. तिसऱ्यांदा गाडी निघाली आणि दुसरा गिअर पडला. तो पडलेला मला ऐकू आला नाही.

डोळे मी मिटले नव्हते. ऐकायलाही मला उघडे लागतात. पण त्या मोठ्या डाव्या वळणात तुझ्या हातांकडे बघत होतो. गिअर आधी. मग बोटं सैल. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग तुझा पाय. गाडी कुठेही लोळली नाही, कुणाच्याच अंगावर. मी तीन रविवार सूत ताणत बसलो होतो, आणि ती मुळात सरळच होती.

विजयालक्ष्मी विचारते, आपण येताना किटली भरून आणली तो नजफगडच्या बाजूचा गवळी पुन्हा कधी? किटलीतलं लोणी पोळीवर घेऊन खाल्लं तिनं, आणि मला अर्धा चमचा दिला. मोजमाप पुन्हा सुरू झालंय.

सभरवालजी परवा येऊन गेले. तू त्यांना तुझ्या कॅन्टोन्मेंटच्या हिंदीत सांगितलंस की यह खड़ी रहनेवाली चीज़ नहीं है, ते अजून त्यांच्या डोक्यात फिरतंय. नाराज नाहीत. दुसरीकडून कुठलीशी मोठी अमेरिकन गाडी मिळाली, तिचं इंजिन आधीच नव्हतं.

प्रेस आला. तो मी माझ्या केबिनच्या जागी बसवला. मी आता बाहेर, गाडीशेजारी टेबल टाकून बसतो. गिऱ्हाईक येतं, आधी गाडी बघतं, मग मला.

धैर्यशीलचा फोन आला होता. विचारत होता, मामा, गाडी गेली का? मी म्हटलं, गेली, आई घेऊन गेली होती. त्यानं तेच मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, कुठे? आता पुढचं तूच सांग. माझ्या तोंडात तीळ भिजतो, हे एवढ्यावरून ओळख.

आज सकाळी एकटाच गाडी काढली. उजवीकडे ओढते. डाव्या वळणात अंगावर लोळते. ठोकळ्यांमुळे गुडघे स्टिअरिंगला लागतात, दोन्हीकडे निळे डाग पडलेत. शेडमधला अशोक मिस्त्री म्हणाला, साहेब, अर्ध्या दिवसाचं काम, पाटे सारखे करून टाकू. मी म्हटलं, बघू, वेळच मिळत नाही.

दिवाळीत ये. बाकी लोभ, तो आहे तसाच लावून ठेवलाय.

तुझा,
दिनू